शरयूबाईंचे छत्र आणि मिसळणाचा डबा, यांची हकीकत

श्री. गुडघे प्रसन्न असोत, डोळे कृपावंत असोत, आणि जे अवयव अजून कुरकुरले नाहीत त्यांस साष्टांग दंडवत. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, मार्गशीर्ष वद्य चतुर्थी, आदित्यवार, ते दिवशी समुद्रापलीकडील एका मुलखात जे घडले ते ऐसे. मुलखाचे नाव लिहीत नाही, नावावाचून काही अडत नाही. त्या मुलखाचा रिवाज ऐसा कीं, रयतेस पासष्टावे वर्ष पुरे जाहले म्हणजे दरबारातून मेडिकेअर नामे छत्र डोईवर यावे. छत्र मोठे, परंतु सगळे अंग झाकीत नाही, म्हणोन माणसाने दोहोंतून एक वाट धरावी. एक वाट ऐसी कीं, छत्र तैसेच ठेवावे, उघडे राहते तेथे पुरवणी विम्याचे ठिगळ लावावे, औषधांची सोय निराळी करावी, दरमहा हप्ता भरावा, आणि मग छत्र मानणाऱ्या हव्या त्या वैद्याकडे जावे. दुसरी वाट ऐसी कीं, एखाद्या विमा-सरदाराच्या किल्ल्यात राहावयास जावे. तेथे हप्ता नावापुरता, वर दात, चष्मा आणि पोहण्याचा तलाव बक्षीस, मात्र वैद्य किल्ल्यातलाच आणि औषध किल्ल्याच्या यादीतलेच.

त्या मुलखात राजश्री दिगंबरपंत घळसासी म्हणोन एक गृहस्थ होते, वय सदुसष्ट, पूर्वी पाण्याच्या नळांचे नकाशे काढीत, आता निवृत्त. ते दोन वर्षांमागे एका सरदाराच्या किल्ल्यात दाखल जाहले, आणि रोज सकाळी तलावात डुंबत, आणि तलावाची थोरवी न विचारता सर्वांस सांगत. त्यांचे कुटुंब सौभाग्यवती शरयूबाई, या शाळेच्या मुदपाकखान्यात चाकरीस होत्या, विमा शाळेचा होता. त्यांस पासष्ट पुरी जाहली आणि चाकरी सुटली आणि विमाही सुटला. मग सरदारांचे दूत फोनवर दिवसातून सतरा वेळा येऊ लागले, आणि रंगीत चोपडी इतकी आली कीं, बाईंनी स्वयंपाकघरातील सर्व फळ्यांवर ती अंथरली, तरी उरली. पंतांनी मात्र बेचाळीस रकान्यांचा तक्ता केला, आणि अखेर निकाल दिला कीं, सत्यनारायणास जोडीने बसलो, देश जोडीने सोडला, तेव्हा किल्ल्यातही जोडीनेच राहावे. ऐसे म्हणोन बाईंचा अर्ज स्वहस्ते भरावयास घेतला आणि स्वयंपाकघराकडे तोंड करोन पुसिले, "औषधं काय लिहू गं?" आतून उत्तर आले, "काही नाही."

या 'काही नाही'ची थोडी माहिती देणे अवश्य आहे. अडतीस वर्षांच्या संसारात बाईंचा पाय मुरगळला तेव्हा काही नाही, दिवाळीस काय आणू म्हटले तेव्हा काही नाही, वडील गेल्याचा फोन ठेवून वळल्या तेव्हाही काही नाही. पंत नकाशाचे माणूस, लिहिले असेल तेच वाचणार. त्यांनी औषधांच्या रकान्यात 'नाहीत' ऐसे सुवाच्य अक्षरात लिहिले.

अर्ज पाठविण्याचा तो अखेरचा दिवस होता. अर्जावर फक्त नजर टाकावी म्हणोन पंतांनी एक स्वतंत्र एजंट बोलाविली. ती फिलोमिनाबाई रुमाव, मूळची वसईची, कोण्याही एका सरदाराची चाकर नव्हे, सर्वांचे कागद पिशवीत घेऊन फिरणारी. दुपारी ती आली, बूट दारात काढिले, आणि पंतांनी पाणी देण्याआधीच पुसिले, "तुम्ही आमच्याकडून काही घेत नाही म्हणता. मग तुम्हांला जेवायला कोण घालतं?"

"ज्याच्याकडे तुम्ही जाल तो विमावाला, काका. पण साधारण सगळेच देतात, म्हणून मला एकाचीच आरती करायला लागत नाही. काकूंचे डॉक्टर कोण?"

"हिला डॉक्टर लागतच नाही. घोड्यासारखी आहे."

"घोडी तरी म्हणा," आतून शरयूबाई बोलिल्या.

"काका, मी काकूंना विचारलं."

बाई पदरास हात पुसत आल्या आणि बोलिल्या, "मला काही नाही हो. संकष्टी आहे, खिचडी टाकलीय, खाऊन जा." फिलोमिनाबाईने आजवर नऊशे काकू पाहिल्या होत्या. ती बोलिली, "काका, तुम्ही खिचडीकडे बघा. मला दहा मिनिटं काकू पाहिजेत."

मग पंतांनी स्वयंपाकघरावर स्वारी केली. ऐसी स्वारी त्या घराण्यात पूर्वी जाहली नव्हती. तूप तापले, आणि आतून हाक आली, "जिरं कुठंय?" बाई बोलिल्या, "मिसळणाच्या डब्यात. ओट्यावर." परंतु ओट्यावरील डबा नवा होता, आणि पंतांच्या स्मरणात जो डबा होता तो सासूबाईंनी लग्नात दिलेला, गोल, पितळी कडीचा, आणि तो वरच्या फळीवर दिसला. मग शरयूबाईंस काहीतरी आठवले आणि त्या अर्ध्या उठल्या, "अहो, तो नको," इतके म्हणेतो झाकण निघाले.

पंत डबा दोन्ही हातांत घेऊन बाहेर आले. डब्यात सात वाट्या, आणि प्रत्येकीत जिऱ्याच्या जागी पांढऱ्या गोळ्या, आणि हळदीच्या जागी पिवळी, आणि मोहरीच्या जागी एक इवलीशी तांबडी, आणि प्रत्येक वाटीस चिकटपट्टीवर एकेक वार लिहिलेला. पंत बोलिले, "शरयू, हे जिरं नाही."

बाई खाली बसल्या. मग सांगितले कीं, काळीज मधूनच दोन ठोके गाळते, अडीच वर्षे जाहली, डॉक्टरीण मिरियमबाई पाहतात, चांगल्या आहेत, हात धरून बोलतात, त्यांच्यामुळे पुन्हा जिना चढता येतो.

"आणि दर महिन्याला एका मंगळवारी वाचनालय?"

"वाचनालय त्याच रस्त्यावर आहे."

"मला सांगायचं नाहीस?"

"तुमचे भाऊ, नानाभावजी, आजारी पडले तेव्हा तुम्ही दोन महिने धड जेवला नव्हतात. रोज जाऊन त्यांची नाडी बघायचात आणि घरी येऊन स्वतःची. माझी धरली असतीत तर सोडली नसतीत."

फिलोमिनाबाईने संगणक उघडला, डॉक्टरणीचे नाव पाहिले, गोळ्यांची नावे पाहिली, आणि बोलिली, "काका, तुमच्या किल्ल्यात ही डॉक्टर नाही. तांबडी गोळी यादीत आहे, पण सगळ्यात महागाच्या पायरीवर. काकू, पुरवणी घ्यायची तर आत्ताच. पासष्टीच्या सुरुवातीच्या मुदतीत दुखणं कोणी विचारत नाही. किल्ल्यात जाऊन दोन वर्षांनी बाहेर येते म्हणालात तर विचारतील, आणि नाही म्हणू शकतील."

"मग मीही किल्ला सोडतो," पंत बोलिले. "जोडीने."

"इथे जोडीचा कागदच नाही, काका. एक माणूस, एक अर्ज. तुमचं दुखणं गुडघे, ते पाण्यात बरे. तुम्ही राहा तिथे."

"अडतीस वर्षं एका कागदावर आहोत आम्ही."

"तलावात तुम्ही एकटेच जाता," शरयूबाई बोलिल्या. "मी कधी तक्रार केली?"

पंतांनी डब्याकडे पाहिले, आणि मग किल्ल्याचा तो सुवाच्य अर्ज घेतला आणि मधोमध फाडिला. फाडितानाही रेघ सरळच ठेविली. फिलोमिनाबाईने पुरवणीचे कागद आणि औषधांच्या निराळ्या विम्याचे कागद पुढे केले. पंतांनी टोपण काढिले आणि बोलिले, "सांग. औषधं." बाईंच्या तोंडून सवयीने "काही" एवढे निघाले, आणि तिथेच थांबले. मग चार नावे सांगितली, सावकाश, आणि पंतांनी प्रत्येकाचे स्पेलिंग पुसिले, आणि दोन वेळा पुसिले. इकडे जिऱ्यावाचूनची खिचडी खाली लागली, आणि साबुदाण्याचा एकच गोळा जाहला, आणि तो सुरीने कापून तिघांनी खाल्ला. "वसईला याला आम्ही केक म्हणू," ऐसे फिलोमिनाबाई बोलिली, आणि कागद पिशवीत घालून गेली.

एकूण हकीकत ऐसी. शरयूबाई छत्राखाली पुरवणीनिशी राहिल्या, डॉक्टरीण राहिली, तांबडी गोळी परवडणाऱ्या पायरीवर आली. दिगंबरपंत किल्ल्यात राहिले आणि डुंबत राहिले. मंगळवारी वाचनालयास आता दोघे जातात, आणि डॉक्टरणीने कसे आहे पुसिले असता बाई 'काही नाही' म्हणू लागल्या म्हणजे कोपऱ्यातील खुर्चीवरून खाकरणे ऐकू येते. जुना डबा ओट्यावर उतरला आहे. रोज सकाळी पंत त्या त्या वाराची वाटी काढून देतात, आणि चहास उकळी येईपर्यंत बाईंचे मनगट धरून ठोके मोजतात, आणि उकळी आली कीं सोडितात.