गल्लीच्या नळाला ताक

पाण्याला उलटं फिरू द्यायचं नाही म्हणजे नाही! मी एकदा ठरवलं की ठरवलं. पाणीखात्यात मला 'हट्टी एरजिगित' म्हणतात आणि मी ते कौतुकच समजतो.

गेल्या उन्हाळ्यात काय झालं सांगतो. आमच्या गल्लीत कुणीतरी मेंढ्या धुवायच्या औषधाच्या टाकीत नळाची रबरी नळी बुडवून ठेवली. तेवढ्यात वरून पाणी बंद झालं आणि टाकीतलं पाणी नळीवाटे मागे ओढलं जाऊन थेट गल्लीच्या पाइपात! उताराच्या टोकाला बालवाडी. पोरं आठवडाभर उलट्या करत होती. त्यात माझी लेक आयझादाही.

म्हणून साहेबांचं डोकं खाऊन खाऊन मी एकेरी व्हॉल्वची पेटी मिळवली. घरोघरी नळाला एक बसवायचा. पाणी आत येणार, मागे जाणार नाही. साहेब म्हणाले, "नौरीझच्या सणाआत बसवलेस तर बसवलेस, नाहीतर पेटी दुसऱ्या गल्लीला!"

आणि नौरीझ उद्यावर आला, तरी पेटी भरलेलीच! गल्ली म्हणजे पालथा घडा. त्यातून गल्लीतल्या थोरल्या बीबिसारा आपाने मान डोलावल्याशिवाय आमच्याकडे मांजरसुद्धा आडवं जात नाही.

"काय रे, पाणी मागे जातं म्हणे?" आपाने विचारलं.

"जातं, आपा."

"सगळा जन्म या नळावर गेला माझा. मला कधी दिसलं नाही ते!"

"दिसत नाही, म्हणूनच तर..."

"भूतही दिसत नाही. त्यालाही बसवतोस का व्हॉल्व?"

शेजारचे सेयितकाली आगा पोट धरधरून हसले. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "दाखवतोच! दुपारी सगळ्यांनी बालवाडीच्या नळाशी या!"

बेत एकदम झकास होता. माझ्या अंगणात बीट उकळलेल्या पाण्याचं पिंप. त्यात नळी बुडवलेली, नळ उघडा. गल्लीच्या तोंडाशी असलेली मोठी चावी मी बंद करणार, बालवाडीचा नळ सोडणार, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत लालभडक पाणी! सुट्टीमुळे बालवाडी रिकामी, त्यामुळे धोका शून्य. एवढा विचार केला होता मी!

दुपारी अख्खी गल्ली जमली. फक्त आपा आली नाही. "मला सणाची कामं आहेत. तू खेळ तुझा खेळ," म्हणाली.

चावी फिरवली, उतारावरून धावत आलो, नळ सोडला. आधी थोडं साधं पाणी आलं. मग नळ गुरगुरला, खोकला, आणि...

पांढरं! दाट, फेसाळ, आंबूस वासाचं पांढरं!

मी गारच पडलो. लाल कुठं गेलं? (ते नंतर कळलं. माझी बायको कामशात हिने, "नळ उघडा टाकून गेला बघा!" असं म्हणत तो घट्ट बंद केला होता.)

सेयितकाली आगांनी बोट लावून चाखलं. "अरे, ताक!"

आता आमच्याकडे नव्या वर्षाच्या या सणाला एकमेकांना म्हणतात काय, तर "पांढरं उदंड होवो!" दूध, दही, ताक सगळं त्यात आलं. शिवाय घरातलं भांडं न् भांडं काठोकाठ भरून ठेवायचं, म्हणजे किदिर बाबा हा अवलिया घरी येतो आणि वर्षाची बरकत देऊन जातो. त्या सणाच्या आदल्या दिवशी सरकारी नळाला ताक!

"किदिर बाबा आला!" कुणीतरी ओरडलं. बाया घरी पळाल्या, पेले, पातेली, किटल्या घेऊन परतल्या. सेयितकाली आगांनी तर वाडगाच तोंडाला लावला.

"पिऊ नका!" मी बोंबललो. "हाच तो धोका! हे पाइपातून आलंय!"

"गप रे! आणि तो तुझा व्हॉल्व इथं आणू नकोस. बरकत अडेल!"

मला रडू यायचं बाकी होतं. ज्याला अडवायचं त्याचीच आरती!

इतक्यात हातात पळी घेऊन बीबिसारा आपा येताना दिसली. तोंडाचा पट्टा घरापासूनच सुरू होता.

"माझं पिंप कुणी रिकामं केलं? सणाचं दही त्यात घुसळलं, पातळ करायला नळी सोडली, मीठ आणायला आत गेले, आणि येऊन बघते तर तळ! ऐन नौरीझला रिकामं पिंप!"

सगळे पेले लपवू लागले. सेयितकाली आगा म्हणाले, "आपा, ते किदिर बाबाने..."

"किदिर बाबाच्या मिशीला माझं ताक लागलंय होय?"

मी संधी साधली. "आपा, हेच मी सांगत होतो! वरून पाणी थांबलं की पिंपातलं मागे ओढलं जातं."

आपा थबकली. "म्हणजे माझ्या पिंपातलं याच्या घशात?"

"तसंच!"

"मग हे आधी नाही सांगायचं, मेल्या? औषध नि आजार काय सांगत बसलास! बसव! आत्ताच्या आत्ता बसव!"

आणि काय सांगू! क्षणात गल्लीला अक्कल आली. "माझं घोडीच्या दुधाचं कुमिस तिच्या घरात जातं की काय?" "आमच्याकडे आधी ये!" "मला दोन दे!" जंतूंचं मी बोलून पाहिलं. कुणी ढुंकून ऐकलं नाही. जाऊ दे म्हटलं. मोठी चावी उघडली, नितळ पाणी येईपर्यंत पाइप धुतला, पाणी शुद्ध करायचं औषध टाकलं, तपासलं, आणि पाना घेऊन घराघरांत घुसलो. आपाने दोन बसवून घेतले, एक घरात, एक बाहेरच्या चुलीपाशी. दिवेलागणीला शेवटचं घर झालं. माझी पोर आता त्या बालवाडीत बिनघोर पाणी पिईल, या विचाराने मला खरंच भरून आलं.

घरी छाती फुगवून आलो. कामशातने चहा ओतला आणि विचारलं, "आणि आपला?"

"काय आपला?"

"व्हॉल्व!"

पेटी उलटी केली. तिच्यातून फक्त भुसा पडला.

ही बातमी आपाला कुणी दिली देव जाणे. चहा संपायच्या आत ती अंगणात हजर. माझी रबरी नळी गुंडाळून खांद्यावर टाकली आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, "पोरांच्या जिवाशी खेळ नको बाई! पाणीखात्यातली माणसं, यांचा काय भरवसा!"

तेव्हापासून मी बादलीने पाणी भरतोय.