मास्तरांच्या डोक्यावरचा परका हात

बायकोपासून काही लपवायचं असेल तर ते तिच्या डोळ्यांसमोर ठेवावं, म्हणजे तिला दिसत नाही, असा मास्तरांचा सिद्धान्त होता. आयुष्यभर भूगोल शिकवलेल्या माणसाचा सिद्धान्त तो. नकाशावर बरोबर यायचा, जमिनीवर उतरला की फसायचा. तरीही परदेशातल्या शेवटच्या दिवशी, सकाळच्या चहानंतर, मास्तरांनी तो वापरून बघायचं ठरवलं. आणि तो त्यांच्याच डोक्यावर आला.

आधी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर तुम्ही म्हणाल, यात एवढं काय. मास्तरांच्या बायकोचं ब्यूटी पार्लर आहे. अख्खी गल्ली तिला वहिनी म्हणते, तेव्हा आपणही वहिनीच म्हणू. लग्न झालं तेव्हा वहिनी नुकत्याच केस कापायला शिकत होत्या. शिकायला डोकं लागतं, आणि ते घरातच होतं. पहिल्यांदा कापून झाल्यावर त्यांनी मास्तरांपुढे आरसा धरला. नव्या नवऱ्याने आरशाकडे न बघता बायकोकडे बघितलं आणि म्हणाला, "छान कापलेस." त्या दोन शब्दांची शिक्षा मास्तर पंचवीस वर्षं भोगत होते. वहिनींचा हात गिऱ्हाइकांच्या केसांवरून लोण्यासारखा फिरायचा, पण मास्तरांचं डोकं आलं की हातात कात्रीऐवजी खुरपं असल्यासारखा चालायचा. एका कानावर जास्त, दुसऱ्या कानावर कमी, आणि मागे तर देवाची करणी. पण लग्नानंतर दुसऱ्या कुणाची कात्री त्या डोक्याला लागली नव्हती. इतर बायका नवऱ्याचा पगार मिरवतात, वहिनी मास्तरांचं डोकं मिरवायच्या.

आता या सहलीत झालं असं, की ते उतरले होते त्या लॉजच्या खिडकीतून समोरच एक सलून दिसायचं. मास्तर रोज सकाळी दात घासत खिडकीत उभे राहायचे. समोर एखादा माणूस खुर्चीत आडवा पडलेला असायचा, तोंडावर वाफाळता टॉवेल, आणि सलूनवाल्याची बोटं त्याच्या डोक्यातून अशी हळुवार फिरायची की बघणाऱ्याची पापणी जड व्हावी. मास्तरांचा ब्रश तोंडातच थांबायचा. समुद्र बघितला, डोंगर बघितले, राजवाडा बघितला, कशाचंच काही वाटलं नाही. हेवा वाटला तो त्या आडव्या पडलेल्या माणसांचा.

शेवटच्या दिवशी वहिनी म्हणाल्या, "पार्लरमधल्या पोरींना काहीतरी न्यायला हवं. मी बाजारात जाऊन येते. तुम्ही येताय?"

"गुडघा धरलाय गं," मास्तर म्हणाले. "मी आपला बॅगा भरतो."

"टॅक्सी जेवणानंतर लगेच आहे. झोपून राहू नका."

वहिनी कोपऱ्यावरून वळल्या आणि मास्तरांचा गुडघा बरा झाला. डोक्यावर उन्हाची टोपी घालून ते समोर गेले. बेत अगदी साधा होता, आणि सलून खिडकीसमोरच असल्याने सिद्धान्तात बसणाराही. केसांना हात लावू द्यायचा नाही, फक्त टॉवेल घ्यायचा, घटकाभर डोळे मिटायचे आणि परत यायचं. बायकोला विचारलंच तर सांगायचं, तोंड धुतलं.

सलूनवाला म्हातारा होता, पोट सुटलेला, कानांत केस. मास्तरांनी त्याला खाणाखुणांनी टॉवेल सांगितला. म्हाताऱ्याने मान डोलावली, खुर्चीत बसवलं आणि टोपी काढली.

टोपी काढली आणि तो थांबला. खुर्चीभोवती एक प्रदक्षिणा घातली. मग बाकावर नंबर लावून बसलेल्या दोघांना त्याने बोलावलं. ते आले, त्यांनीही प्रदक्षिणा घातली. एकाने मास्तरांच्या मानेजवळ वाकून बघितलं आणि हळहळला. म्हाताऱ्याने बोटांची कात्री करून भुवया वर केल्या. म्हणजे, हे कुणी केलं?

खरं सांगायची मास्तरांना लाज वाटली. खोटं सांगायला भाषा नव्हती. मग त्यांनी दोन बोटांची शिंगं डोक्याला लावली आणि तोंडाने कचाकचा चरून दाखवलं. बकरीने खाल्लं. सलूनभर असा हशा उसळला की मास्तरही हसले. वर्गात पंचवीस वर्षांत त्यांच्या एका विनोदाला कुणी हसलं नव्हतं, त्यामुळे त्यांना चेव आला आणि त्यांनी आणखी थोडं चरून दाखवलं.

त्यानंतर टॉवेल आला, बोटं आली, आणि मास्तरांना झोप कधी लागली ते कळलंच नाही. जाग आली तेव्हा आरशात एक देखणा मनुष्य बसला होता. मास्तरांनी त्याला नमस्कार करायला हात उचलला, तर त्यानेही उचलला.

वहिनी बाजारातून आल्या तेव्हा मास्तर खोलीत टोपी घालून बॅगेवर बसले होते.

"खोलीत टोपी?"

"डोक्याला गार लागतंय."

"खिडकी बंद आहे."

"म्हणूनच. कोंदट गारवा आहे."

वहिनींनी पिशव्या खाली ठेवल्या. मास्तर घाईघाईने वाकून बॅगेची चेन ओढू लागले, आणि तिथेच चुकले. माणूस वाकला की टोपी पुढे जाते आणि मान उघडी पडते. वहिनी ओरडल्या असत्या तर परवडलं असतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "कुणी कापले?"

"काय?"

"केस. हात कुणाचा आहे हा?"

"अगं तूच नाही का, निघायच्या आधी..."

"माझी मानेवरची रेघ इतकी सरळ येत नाही," वहिनी म्हणाल्या. आपण काय बोलून गेलो हे त्यांना पुढच्या क्षणी कळलं, आणि त्याचाही राग त्यांनी मास्तरांवरच काढला. टोपी खेचली. कानामागे बोट फिरवलं. कल्ल्यांकडे बघितलं. त्यांचा चेहरा असा उतरला, जसा नवऱ्याच्या सदऱ्यावर लांब केस सापडल्यावर बायकांचा उतरतो.

"कोण आहे ती?"

ती म्हटल्यावर मास्तरांना हायसं वाटलं. ही भलत्याच संशयात आहे, म्हणजे सुटलो. "अगं ती कसली, तो आहे. म्हातारा. पोट सुटलेला. कानांत केस आहेत त्याच्या."

"दाखवा."

"टॅक्सी येईल."

"येऊ दे. थांबेल. दाखवा."

मास्तर निघाले ते चक्क खुशीत. म्हातारा बघितला की हिचा पारा उतरणार, रस्त्यातच हसायला लागणार, असा त्यांचा हिशोब होता. सलूनच्या दारात वहिनी थांबल्या आणि त्यांनी म्हाताऱ्याला आपादमस्तक बघितलं. पोट बघितलं, कान बघितले, मग त्याचे हात बघितले.

"बघितलंस?" मास्तर म्हणाले. "पटलं आता?"

"बाई असती तर एक वेळ समजून घेतलं असतं," वहिनी म्हणाल्या. "माणूस घसरतो. पण तुम्ही कामासाठी गेलात. हाताच्या सफाईसाठी गेलात. हे मी कधी विसरणार नाही."

तेवढ्यात म्हाताऱ्याने त्यांना ओळखलं आणि आनंदाने हात पसरले. सोबत बायको आहे म्हटल्यावर त्याला उत्साहाचं भरतं आलं. बाईंनी आपल्याला धन्यवाद द्यायला एवढी वाट वाकडी केली असावी, असा त्याचा समज झाला. त्याने वहिनींना हाताला धरून मास्तरांच्या डोक्यासमोर उभं केलं आणि आधी काय अवस्था होती ते खुणांनी सांगायला सुरुवात केली. इथे खड्डा, इथे झुडूप, मागे तर बोलायलाच नको. मास्तर वहिनींच्या पाठीमागून दोन्ही हात हलवून 'नको, नको' करत होते. म्हाताऱ्याला वाटलं, यांना शिंगांची आठवण करून द्यायचीय. त्याने दोन बोटं डोक्याला लावली आणि चरून दाखवलं. मग मास्तरांकडे बोट केलं. म्हणजे, हे यांनीच सांगितलं बरं का.

बाकावरचे दोघे पुन्हा हसले. वहिनी हसल्या नाहीत.

"बकरी?" त्यांनी विचारलं.

"अगं, भाषेची अडचण..."

"बसा खुर्चीत."

"टॅक्सी..."

"बसा म्हटलं ना."

मास्तर बसले. वहिनींनी पदर खोचला, म्हाताऱ्याच्या ट्रेमधून कात्री आणि कंगवा उचलला आणि उजवी बाजू आपल्या पद्धतीने कापायला घेतली. बकरी काय करू शकते ते जगाला दाखवायचंच होतं. म्हातारा आधी गंमत बघत राहिला. मग त्याच्या लक्षात आलं की आपल्या सलूनमधून, आपल्या दारातून, हे डोकं बाहेर पडणार आहे, आणि लोक विचारणार आहेत. त्याने दुसरी कात्री घेतली आणि उजवी बाजू दुरुस्त केली. वहिनींनी त्याची दुरुस्ती दुरुस्त केली. उजवी कमी झाली म्हणून म्हाताऱ्याने डावी कमी केली. डावी फार गेली म्हणून वहिनींनी पुढचे घेतले. दोघांनाही एकमेकांची भाषा येत नव्हती, पण भांडण अस्खलित चाललं होतं. मास्तर मध्ये बसून फक्त कान सांभाळत होते.

अखेर दोघेही दमून मागे सरले. त्यांनी डोक्याकडे बघितलं, एकमेकांकडे बघितलं आणि पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं. म्हाताऱ्याने मशीन सुरू करून अदबीने वहिनींच्या हातात दिलं. वहिनींनी समोरून मागे एक लांब पट्टा काढला, आणि बघता बघता मास्तरांचं डोकं मडक्यासारखं गुळगुळीत झालं.

टॅक्सीत मास्तरांनी टोपी घालून बघितली तर ती नाकापर्यंत उतरली, म्हणून काढून ठेवली.

विमानतळावर पासपोर्ट तपासणीच्या खिडकीवरून वहिनी आधी पार झाल्या. मास्तरांचा पासपोर्ट मात्र अधिकाऱ्याच्या हातात अडकला. तो फोटो बघे, मग डोकं बघे. फोटोत कानांवर दोन असमान झुडपं होती, आणि समोरच्या डोक्यावर सपाट मैदान. त्याने दुसऱ्या अधिकाऱ्याला बोलावलं. दोघांनी मिळून बघितलं. शेवटी अधिकाऱ्यांनी पलीकडे उभ्या असलेल्या वहिनींना हाक मारली आणि खुणांनी विचारलं, हे गृहस्थ तुमचेच का?

वहिनी जवळ आल्या. मास्तरांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"अगं, हो म्हण ना," मास्तर कुजबुजले.

"आधी सांगा. गेलात कशाला?"

"इथे? मागे रांग लागलीय."

"मला घाई नाही. माझ्या पासपोर्टवर शिक्का बसलाय."

मास्तरांनी अधिकाऱ्याकडे बघितलं, रांगेकडे बघितलं. खोटं बोलावं तर ही हो म्हणणार नाही. खरं बोलावं तर कदाचित कधीच म्हणणार नाही. पण आता डोक्यावर गमावण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"तुझ्या गिऱ्हाइकांचा हेवा वाटतो मला," ते म्हणाले. "त्यांना तू फिरत्या खुर्चीत बसवतेस. पाणी विचारतेस, ताई ताई करतेस, कपाळ चोळून देतेस. मला मोरीच्या दारात स्टुलावर बसवतेस, कुकरच्या शिट्ट्या मोजत कापतेस आणि मान हलली की टपली मारतेस. पंचवीस वर्षांत मला एकदा तरी खुर्चीत बसवलंस? त्या म्हाताऱ्याने बसवलं. म्हणून गेलो."

रांगेत कुणीतरी खाकरलं. वहिनींनी एकदा मास्तरांच्या गुळगुळीत डोक्याकडे बघितलं आणि त्यांचे डोळे भरून आले. मग त्या अधिकाऱ्याकडे वळून, मान डोलावत म्हणाल्या, "हो. माझेच आहेत."

शिक्का बसला. मास्तर पलीकडे आले. दोघे चालू लागले. मग वहिनींनी त्यांच्या हातातली जड पिशवी स्वतःकडे घेतली.

"बसवीन," त्या म्हणाल्या. "खुर्चीत बसवीन. कपाळही चोळून देईन."

मास्तरांना वाटलं, गेले ते केस सार्थकी लागले. "खरंच? कधी येऊ?"

"फोन करून वेळ घ्या, सगळे घेतात तशी," वहिनी म्हणाल्या. "आणि येताना डोक्यावर काहीतरी घेऊन या."