राणेकाकांचं गाऱ्हाणं

आमच्या मुलुंडच्या इमारतीत नवी लिफ्ट बसली, तेव्हा राणेकाकांनी तिच्यासमोर नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. "बा देवा महाराजा! ह्या लिफ्टीचो जो कोण राखणदार आसशीत, तो पोराबाळांका मधीच अडकवू नको रे महाराजा!" आम्ही सगळे हात जोडून ओरडलो, "व्हय महाराजा!" कोकणात शुभकार्याआधी देवाला असं सांगतात. काका पाण्याची टाकी धुण्याआधीही सांगतात.

सोसायटीची सहल श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्याला निघाली, तेव्हा पहिलं नाव काकांचं. त्यांचा मुलगा, काकांच्या भाषेत 'झील', सुहास मालवाहू जहाजावर असतो. लग्नावरून बापलेकाचं वाजलं आणि सुट्टीतही तो घरी येईनासा झाला. सिंगापूरहून येणारी त्याची बोट श्रीलंकेच्या खालून जाते, हे काकांनी कुणाकडून तरी काढलं होतं. "त्या दक्षिण टोकाचो दिवो तेवढो दाखवा, बाकी काय्येक नको," म्हणून ते गाइडच्या मागे लागले.

तरी वाटेतली गाऱ्हाणी सुटली नाहीत. गॉलच्या किल्ल्याच्या तटावर एक झालं. कोग्गलाला समुद्रात रोवलेल्या काठ्यांवर बसून मासे धरणारे कोळी बघून काका हरखले आणि त्यांच्या तोलासाठी एक घातलं. मिरिस्साला देवमासा काही दिसेना, तेव्हा काकांनी बोटीच्या टोकावर सुपारी ठेवली. आम्ही "व्हय" म्हणतोय तोवर पाण्यातून निळसर पाठ वर आली. त्या दिवसापासून गाइड काकांना वाकून नमस्कार करायला लागला.

शेवटी दक्षिण टोकावरचा, दोंड्राचा पांढरा दीपस्तंभ आला. आमची मंडळी माडांखाली शहाळी पिऊन पेंगत होती. पाणी कुठे संपतं नि आभाळ कुठे सुरू होतं, कळत नव्हतं. त्या धूसर रेघेवरून जहाजं इतकी हळू सरकत होती की बघता बघता आपणच सरकतोय असं वाटावं. काका पुढे खडकावर उभे होते. हात रिकामे.

"काका, गाऱ्हाणं?"

"मीच तेका घरातसून जा म्हटलंय गो. आता देवाक खंयच्या तोंडान सांगू?"

मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि ते एका जहाजाकडे बघून ती जोरजोरात हलवायला लागले.

"त्यात सुहास आहे?"

"म्हाइत नाय."

"मग?"

"कोणाचो तरी झील आसतलोच मा."

मी गळ्यातली ओढणी काढली आणि त्यांच्या शेजारी उभी राहून हलवायला लागले.