पाव आणायला गेलेली बायको

आमच्या गावात नवऱ्यांची शर्यत लावली, तर मनाच्या मोठेपणात पहिला नंबर माझाच येईल! बायको कुणाशी हसली, कुणाशी बोलली, कुणाबरोबर नाचली, मला काही म्हणजे काही वाटत नाही. तशी माझी युलाली हसते कमी, आणि नाचते वर्षातून एकदा, तेही मी शेजारी उभा असताना. पण तत्त्व म्हणून सांगतो.

टोबॅगो बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर आमचं घर. वरच्या दोन खोल्या सुट्टीवर येणाऱ्या पाहुण्यांना देतो. त्यांचं खाणंपिणं युलाली बघते, आणि मी त्यांना माझ्या बोटीतून प्रवाळ दाखवून आणतो. ईस्टरच्या आदल्या आठवड्यात टोरांटोहून एक गृहस्थ आला. उंच, ताठ, पांढरीशुभ्र पँट. बायको शनिवारी मागून येणार होती. मी बॅग घ्यायला पुढे झालो, तर तो माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत ओरडला, "लाली!"

लाली! एकोणीस वर्षांच्या संसारात मी तिला कधी 'लाली' म्हटलं नव्हतं. मला सुचलंच नव्हतं!

"अगं बाई, लेनॉक्स!" युलाली पदर खोचल्यासारखा एप्रन सावरत धावली. "हेस्केथ, अरे आम्ही शाळेत एका बाकावर होतो! हा नऊ वर्षांचा असताना बेट सोडून गेला."

"आणि आठव्या वर्षी हिच्यासाठी आंबा काढताना झाडावरून पडलो," लेनॉक्स म्हणाला आणि कपाळावरचा व्रण दाखवला.

मी हसलो. मोठ्या मनाने हसलो. जबडा दुखेपर्यंत हसलो!

त्या दिवशी जेवायला खेकड्याचा रस्सा आणि डंपलिंग, म्हणजे उकडलेले पिठाचे गोळे. युलालीने पातेल्यात डाव घातला, ढवळलं, आणि सगळ्यात मोठी नांगी उचलून लेनॉक्सच्या ताटात ठेवली. ती नांगी एवढी मोठी होती की तिला मतदानाचा हक्क द्यायला हरकत नव्हती. माझ्या ताटात आलं काय? पाय! बारीक, पोकळ, चोखून चोखून ओठ दुखतील असे चार पाय.

"पाहुणे आहेत," युलाली म्हणाली.

"मी कुठे काय म्हणालो?" मी म्हणालो.

"तू बघतोयस ना तसा."

मंगळवारी मी त्याला बोटीतून न्यायचं ठरवलं. मनात काही नव्हतं. फक्त नेहमीच्या शांत बाजूने न नेता, लाटा जरा जास्त उसळतात त्या बाजूने नेलं, एवढंच! बोट टणाटण उडायला लागली तशी लेनॉक्सने दोन्ही हातांनी बाक धरलं आणि डोळे मिटून पुटपुटायला लागला. बाकीचे पाहुणे प्रवाळ बघायला धडाधड पाण्यात उतरले. हा हलेना.

"उतरा की साहेब! बेटावरचाच माणूस तुम्ही!"

"सर्दी झालीय," तो म्हणाला.

मला काय आनंद झाला! पाण्याला भिणारा माणूस! घरी येऊन मी युलालीला तिखटमीठ लावून सांगितलं. ती हसली नाही. उलट म्हणाली, "बिचारा." आणि संध्याकाळी त्याच्यासाठी आल्याचा काढा केला!

बुधवारी पहाटे जाग आली तर शेजारची उशी रिकामी. तासाभराने युलाली आली.

"कुठे गेली होतीस?"

"पाव आणायला."

केसांतून पाणी ठिबकत होतं. पायाला वाळू. आणि हातात पाव नव्हता!

"पाव कुठाय?"

"संपला होता."

पाचच मिनिटांनी लेनॉक्स मागच्या दाराने आला. त्याचेही केस ओले. म्हटलं, सर्दी झालेला माणूस भल्या पहाटे ओला कसा? मी काही विचारलं नाही. दिवसभरात तीनदा बोटीचा दोर उलटा बांधला आणि एका जर्मन बाईंना पोहण्याच्या चष्म्याऐवजी माझा जेवणाचा डबा दिला, पण विचारलं नाही.

आग लावायची ती इस्मे मावशीने लावली. ही आमची शेजारीण. वय ब्याऐंशी, पण नजर घारीची आणि जीभ त्याहून लांब. गुरुवारी तिने मला कुंपणापाशी बोलावलं.

"हेस्केथ, बाळा, तू जेवलास का?"

"जेवलो मावशी."

"मग आता सांगते. उपाशीपोटी ऐकू नये असं आहे ते. मी सकाळी शेळी बांधायला गेले होते. खालच्या छोट्या खाडीत तुझी बायको होती. कमरेएवढ्या पाण्यात. आणि तो टोरांटोवाला तिच्या हातांवर होता."

"हातांवर म्हणजे?"

"आडवा!"

"आडवा?"

"पाळण्यातल्या पोरासारखा आडवा! मी काही बोलणार नाही, बाळा. माझा स्वभाव नाही. फक्त तुला सांगितलं, आणि दुकानात तिघींना."

त्यानंतर मी काय केलं? मोठ्या मनाचा माणूस काय करतो? शुक्रवारी पहाटे त्यांच्या आधी उठून खाडीवर जाऊन लपलो! अंधुक उजाडलं होतं. वाळूच्या कडेला एक छान डेरेदार झाड दिसलं, फांद्या खाली लवलेल्या. आत शिरून उकिडवा बसलो. थोड्या वेळाने ती दोघं आली, पाण्यात उतरली. पानांमुळे दिसेना, पण ऐकू येत होतं. आणि ऐकू येत होतं ते असं:

"घट्ट धर लाली! सोडू नकोस!"

"अंग सैल सोड. माझ्यावर विश्वास आहे ना?"

"भीती वाटते."

"डोळे मीट. मी आहे."

डोळे मीट, मी आहे! मला ही असं कधी म्हणाली? मागच्या वर्षी माझा दात काढला तेव्हा हिने मला 'ओरडू नकोस, लोक बघतात' असं म्हटलं होतं!

तेवढ्यात बारीक पाऊस आला. पानांवरून पाणी माझ्या टकलावर, मानेवर, गालांवर ओघळायला लागलं. मी हललो नाही. मग मान जळजळायला लागली. म्हटलं, रागाने असेल. मग टाळू पेटली. म्हटलं, राग वर चढला. मग पापणी अशी चुरचुरली की राग कितीही खरा असला तरी एवढा नसतो! मी झाडाकडे वर बघितलं. मग खोडाकडे बघितलं. खोडाला लाल रंगाचा पट्टा होता.

मँचिनील! किनाऱ्यावरचं सगळ्यात विषारी झाड! त्याच्याखाली पावसात उभं राहिलं तरी पानांवरून गळणाऱ्या पाण्याने कातडी भाजते. हे कोण सांगतं? मीच! रोज, बोटीत चढणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला, हाताचं बोट नाचवून सांगतो! तो धोक्याचा लाल पट्टासुद्धा मीच मारलाय!

मी किंचाळत बाहेर पडलो आणि सरळ समुद्रात उडी घेतली. भाजलेल्या तोंडाला खारं पाणी! त्यानंतर माझ्या गळ्यातून जो आवाज निघाला तो आमच्या बेटावर पूर्वी कुणी काढला नसावा. पाठमोऱ्या लेनॉक्सने वळून बघितलं. एक लालभडक, सुजलेला प्राणी हात पसरून डरकाळ्या फोडत त्याच्याकडे येत होता. त्याने युलालीचे हात सोडले, पाण्यावर आडवा झाला, आणि निघाला! सपासप, सपासप, सरळ समोरच्या खडकापर्यंत!

आणि माझी बायको? नवरा जळतोय, बोंबलतोय, आणि ही पाण्यात उड्या मारत टाळ्या पिटतेय! "पोहला! अरे हेस्केथ, तो पोहला!"

"मी भाजलोय!"

"एकटा पोहला!"

आरोग्य केंद्रातल्या नर्सने माझ्याकडे बघितलं, कार्डावरचं नाव बघितलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं. "बोटवाले हेस्केथ? मँचिनीलखाली? तुम्ही?" मग तिने आतल्या दोघींना बोलावलं. उपचारासाठी नव्हे, बघायला!

घरी आल्यावर युलाली तोंडाला मलम लावत बसली. माझा चेहरा नीरफणसाएवढा झाला होता, डोळ्यांच्या जागी दोन फटी.

"त्याने बायकोला लग्नाआधी सांगितलंय की मी बेटावरचा, माशासारखा पोहतो," ती म्हणाली. "खरं म्हणजे पाण्याला हात लावायला भितो. ती शनिवारी येणार. रडकुंडीला आला होता रे बिचारा."

"मग मला सांगायचं! मी बोटवाला आहे!"

"तुला? मंगळवारी तो पाण्यात उतरला नाही, हे संध्याकाळपर्यंत किती जणांना सांगितलंस?"

मी मोजायला लागलो आणि थांबलो.

तिने बोटावर आणखी मलम घेतलं. मग हळूच म्हणाली, "आणि एक सांगू? तू रोज परक्या बायकांना हात धरून पाण्यात उतरवतोस. मला एकदा तरी म्हणालास, चल पोहायला? मला या आठवड्यात फार बरं वाटलं. लेनॉक्समुळे नाही. समुद्रामुळे."

मला खूप बोलायचं होतं, पण एव्हाना ओठ इतके सुजले होते की उघडेनात. मी तिचा मलमाचा हात तेवढा धरून ठेवला. तिने तो काढून घेतला नाही. मलम माझ्या बाहीला लागलं, तरीही नाही.

शनिवारी लेनॉक्सची बायको मार्गो आली. गोड बाई. बोट मीच नेली, कारण दुसरं कुणी नव्हतं. टोपी खाली ओढलेली, मानेभोवती टॉवेल, आणि भाजलेल्या कातडीमुळे चालताना कमरेत वाकलेलो. बोटीत चढताना मार्गोनेच माझा कोपर धरला. "सावकाश हं!" मी घशातून काहीतरी घरघरलो. या खेपेला बोट शांत बाजूने नेली, अगदी तळ्यासारख्या पाण्यात. लेनॉक्स उतरला, माझ्याकडे एकदा घाबरून बघितलं, आणि पोहला! तीस हात गेला, तीस हात परत आला. मार्गोच्या डोळ्यांत पाणी. खरं सांगतो, माझ्याही फटींत आलं.

बुधवारी ती दोघं गेली. जाताना आमच्या पाहुण्यांच्या वहीत मार्गोने पानभर लिहिलं. युलालीने ते मला व्हरांड्यात मोठ्याने वाचून दाखवलं.

"'सुंदर समुद्र, सुंदर जेवण. युलालीसारखी यजमानीण मिळायला भाग्य लागतं.'"

"बरोबर," मी म्हणालो. ओठ आता हलत होते.

"'सगळ्यात जास्त मनाला भिडले ते तिचे वृद्ध वडील. एवढ्या आजारपणातही त्यांनी आम्हाला स्वतः बोटीतून नेलं. देव त्यांना आणखी काही वर्षं देवो.'"

मी ताडकन उठलो. "पेन दे! आत्ताच्या आत्ता दुरुस्त करतो!"

युलालीने वही मिटली आणि काखेत धरली.

"बाबा," ती म्हणाली, "उन्हात उभे राहू नका."