टिपणीसचा नाताळ

टिपणीसला मित्राचा मित्र चालत नसे. म्हणजे मी त्याचा मित्र. पण मी दुसऱ्या कोणाशी दोन शब्द जास्त बोललो की तो मला एकदम अहो-जाहो करायचा. एरवी "अरे बापट" म्हणणारा हा माणूस "बापटसाहेब, आपलं जेवण झालं का?" असं विचारू लागला, की आदल्या दिवशी आपण काय गुन्हा केला ते मी आठवायला बसायचो. एकदा मी वाचून झालेलं वर्तमानपत्र शेजारच्या टेबलावरच्या गोरेला दिलं. पुढचे तीन दिवस मी 'आपण' होतो.

आम्ही दोघं डोंबिवलीला एकाच चाळीत राहायचो, त्याची खोली माझ्या खोलीला लागून. नोकरी ठाण्याला, एकाच कचेरीत. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. टिपणीस चाळिशीकडे झुकलेला, एकटा, कमालीचा टापटिपीचा. "चालू द्या, आम्ही काय, उपरे!" हे त्याचं ठरलेलं वाक्य. लग्नात दुसऱ्या पंगतीला बसवलं तरी हेच आणि पावसात माझ्या छत्रीत गोरे आधी शिरला तरी हेच.

त्या वर्षी कचेरीतल्या डॉमनिकने मला, टिपणीसला आणि गोरेला नाताळाला ठाण्याच्या घरी बोलावलं. त्याची चूक एवढीच, की त्याने आधी मला विचारलं. मी जिन्यात आधी भेटलो, इतकंच. पण डॉमनिक नोकरीला लागला त्या दिवशी त्याला पाण्याचा माठ टिपणीसने दाखवला होता, आणि तेव्हापासून डॉमनिक टिपणीसच्या मालकीचा होता.

"माठ कोणी दाखवला?" ठाण्याला उतरताना तो मला म्हणाला. "तुम्ही?"

"अरे, पण..."

"चालू द्या, बापटसाहेब."

डॉमनिक आम्हाला घ्यायला स्टेशनवर आला होता. टांग्यात तो पुढे गाडीवाल्याजवळ बसला. कोणालाच त्याच्या शेजारी जागा नाही म्हटल्यावर तेवढा रस्ता टिपणीस अगदी प्रसन्न होता.

घरी डॉमनिकच्या आईने दारातच हाक दिली, "या रं पोरांनो, घर आपलाच हाय!" ओटीवर कागदाची चांदणी टांगलेली, आत फुग्यांचा घाणा. फुगे म्हणजे तळलेले टम्म गोळे, केकपेक्षा मला तेच आवडले. मी अंगाने किडकिडीत, म्हणून म्हातारीने माझ्या ताटलीत दोन जास्त टाकले. झालं. "माझीही प्रकृती तशी नाजूकच असते," असं म्हणत टिपणीसने एकामागून एक सहा फुगे खाल्ले आणि अर्धा तास उचक्या देत बसला.

मग आम्ही चौघं तळ्याकाठी फिरून आलो. नवे कपडे घातलेली माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. टिपणीस प्रत्येक मिठीकडे असा बघत होता, जणू ती त्याच्या वाट्याची होती.

गोरेने फोटो काढायची टूम काढली. स्टुडिओत खुर्ची एकच. तिच्यावर यजमान म्हणून डॉमनिकला बसवलं. त्याच्या उजव्या बाजूला टिपणीस, डाव्या बाजूला मी, मागे गोरे. फोटोग्राफरने काळ्या कापडात डोकं घातलं. "हलायचं नाही हं!" आणि नेमक्या त्याच क्षणी, माझा हात डॉमनिकच्या खांद्यावर आहे की काय हे बघायला, टिपणीसने मान वळवली.

"या साहेबांचं तोंड फोटोत पुसलं जाणार," फोटोग्राफर म्हणाला.

आम्ही हसलो. जरा जास्तच हसलो. टिपणीसने टोपी सारखी केली आणि निघून गेला. आम्हाला वाटलं, रुसून डोंबिवलीची गाडी पकडली असणार. "पकडू दे," मी म्हणालो. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं.

दुपारी जेवायला डॉमनिककडे परतलो तर दारात टिपणीसचे चकचकीत बूट.

आतल्या खोलीत डॉमनिकचे वडील खाटेवर होते. त्यांची नजर पार गेली होती. सकाळी आम्ही त्यांच्या पाया पडून लगेच बाहेर आलो होतो. आता टिपणीस त्यांच्या उशाशी बसून एक कार्ड वाचत होता. त्याचा एक हात म्हाताऱ्याच्या हातात होता.

"बाबा, इथे माणसं पुष्कळ आहेत," तो वाचत होता. "संध्याकाळी सगळे आपापल्या माणसांत जातात. मला बोलावत नाहीत असं नाही. पण सगळ्यांना बोलावून झाल्यावर बोलावतात. मग मी दार लावून घेतो. पलीकडच्या खोलीत हसणं चालतं, ते ऐकत बसतो. अशा वेळी तुमची फार आठवण येते."

"बोटीवं खोल्या असतान?" म्हाताऱ्याने विचारलं.

"असतात बाबा. भिंतीला भिंत."

डॉमनिक माझ्यामागे येऊन उभा राहिला होता. "थोरल्या भावाचं कार्ड," तो कानाशी पुटपुटला. "बोटीवर असतो. चार वर्षांनी हे एवढं आलं. आत नुसती छापील दोन वाक्यं आणि सही."

पलीकडची खोली माझी होती. संध्याकाळी हसायला गोरे यायचा. सहा वर्षांत टिपणीसने यातला एक शब्द मला सांगितला नव्हता, आणि त्या म्हाताऱ्याला मात्र सगळं सांगत होता. मला हेवा वाटला. जन्मात कोणाचा वाटला नव्हता इतका.

गोरे जेवायला हाक मारणार, तेवढ्यात मी त्याचा हात धरला.

"सपला का रं?" म्हाताऱ्याने विचारलं.

"नाही बाबा, मागच्या बाजूला आहे अजून," टिपणीस म्हणाला. त्याने कार्ड उलटलं आणि त्या कोऱ्या बाजूवरून पुढचं वाचू लागला.