बारादरी बघायला आलेले पाहुणे

"सायकल? अहो साबळेसाहेब, सायकल म्हणजे माझा दुसरा श्वास आहे!"

हे वाक्य डॉ. चंद्रहास मोघे यांनी मटारची करंजी तोंडात असताना उच्चारलं आणि शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोला, मधुमतीला, जोराचा ठसका लागला. कारण तिच्या माहितीप्रमाणे हा दुसरा श्वास सांगलीला कॉलेजात असतानाच बंद पडला होता! लखनौच्या वनस्पती संशोधन संस्थेत नोकरी लागल्यापासून इंदिरा नगरातलं घर ते संस्था आणि संस्था ते घर, सगळं स्कूटरवर. कोपऱ्यावरून ब्रेड आणायचा तरी स्कूटरच बाहेर निघायची.

पण वेळच तशी होती. समोर बसले होते हवाई दलातून निवृत्त झालेले विंग कमांडर नरेंद्र साबळे. माणूस असा ताठ, की सोफ्याला पाठ म्हणून टेकवत नव्हता. त्यांचा सुबोध आणि मोघ्यांची रुचा यांनी एकमेकांना परस्पर पसंत करून टाकलं होतं. राहिले होते ते फक्त बाप. आणि हे लग्न जमणार की फिसकटणार, ते आपली साबळ्यांवर काय छाप पडते त्यावर ठरणार, अशी मोघ्यांची पक्की समजूत होती.

"मग रविवारी निघू या!" साबळ्यांचे डोळे लकाकले. "कालव्याच्या कडेनं कच्चा रस्ता आहे. नुसती खडी आणि मुरूम, गाडीघोडा नाही. दोन्ही बाजूंना मोहरी फुललीय. वाटेत नवाबी काळातली एक बावडी, म्हणजे पायऱ्यांची विहीर, एक पडका दरवाजा, आणि शेवटी आंब्याच्या बागेत बारा दारांचा मंडप, बारादरी! जेमतेम पंचवीस किलोमीटर."

"जाऊन-येऊन?"

"छे हो! नुसते जायचे!"

मोघ्यांनी घास गिळला. करंजीचा आणि नशिबाचासुद्धा.

शनिवारी त्यांनी भाड्याच्या दुकानातून एक सायकल आणून पाहिली. पण आडव्या दांड्यावरून उजवा पाय काही पलीकडे जाईना. पन्नाशीच्या पायाला तेवढी उंची झेपत नव्हती. शेवटी उरली रुचाची लेडीज सायकल. फिकट गुलाबी, पुढे टोपली.

"बाबा, प्लीज! मेरी इज़्ज़त का सवाल है!" रुचा कळवळून म्हणाली.

"तुझ्याच इज्जतीसाठी चाललोय," असं म्हणून मोघे पहाटेच्या धुक्यात बाहेर पडले.

साबळे गिअरच्या सायकलवर, डोक्याला कानटोपी, पाठीला पिशवी अशा थाटात उभे होते. गुलाबी सायकल बघून त्यांनी भुवया उंचावल्या.

"आडवा दांडा ही मुळात डिझाइनमधली चूक आहे!" मोघे घाईघाईनं म्हणाले. "फुप्फुसांवर ताण येतो."

साबळ्यांनी गंभीरपणे मान डोलावली. मोघे खूश झाले. पण ती खुशी डांबर संपेपर्यंतच टिकली. पुढे खडी सुरू झाली आणि मोघ्यांच्या शरीरातला एकेक अवयव स्वतंत्रपणे हिंदकळू लागला. दात जागा बदलताहेत की काय, असं त्यांना वाटलं. सीटबद्दल तर बोलायलाच नको! ती सायकलच्या कंपनीनं केलेली नसून कुणा जुन्या वैऱ्यानं केलेली होती.

त्यांना वाचवलं ते इतिहासानं! बावडी दिसताच मोघे अक्षरशः उडी मारून उतरले. आयुष्यात इतिहासाचं एवढं प्रेम त्यांना कधीच वाटलं नव्हतं.

"वा! काय विटा आहेत! चपट्या!"

"लखौरी वीट म्हणतात हिला," साबळे म्हणाले. "चला, पुढे दरवाजा आहे."

"थांबा, थांबा! हे बघा काय!" मोघ्यांनी विटेवरच्या करड्या पापुद्र्यावर बोट ठेवलं. हा पापुद्रा म्हणजे दगडफूल, आणि दगडफूल म्हणजे मोघ्यांची उभी नोकरी! धाप खाली बसेपर्यंत वेळ काढायचा म्हणून ते बोलायला लागले, पण बोलता बोलता खरंच रंगले. हे वर्षाला केसभर वाढतं, हे हवा स्वच्छ असेल तिथेच जगतं, हे आपल्या मसाल्यात असतं. साबळे गुडघ्यावर बसून ऐकत राहिले. "कमाल आहे! एवढी वर्षं विटा बघतोय, त्यांच्यावर कोण राहतं ते कधी बघितलंच नाही!"

पडक्या दरवाज्यापाशीही मोघ्यांनी दगडफुलावर तेवढाच वेळ काढला. पण बारादरीच्या आधी गावाबाहेर नवीन रस्त्यासाठी खडीचा ढीग ओतून ठेवला होता, आणि तिथे दगडफूल नव्हतं. साबळे वळसा घेऊन पुढे गेले. मोघ्यांनी वळसा घेतला, पण सायकलनं घेतला नाही. गुलाबी सायकल ढिगावर चढली, क्षणभर विचार करून थांबली, आणि मोघे ढिगाच्या दुसऱ्या बाजूनं बसल्या बसल्या घसरगुंडीवरून यावेत तसे खाली आले.

चर्रर्र!

मोघ्यांनी हात मागे नेऊन चाचपलं. लागलं फारसं नव्हतं. पण पॅंट मात्र मागून, बरोब्बर मध्यावर, कंबरेपासून खालपर्यंत उसवली होती! थंडगार वारा जिथे कधी पोचला नव्हता तिथे पोचत होता. होणाऱ्या व्याह्यासमोर ही शोभा? मोघ्यांनी एका हातानं सायकल धरली, दुसरा पाठीमागे ठेवला आणि काहीच न झाल्यासारखे चालू लागले.

इतक्यात आमराईच्या कडेच्या घरातून पांढरंशुभ्र धोतर नेसलेले एक गृहस्थ धावत आले. त्यांचं नाव शिवबरन सिंह. मागून चारपाच माणसं, हातात झेंडूचे हार.

"आइए, आइए! लखनऊ से?"

"हाँ जी, लखनऊ से," साबळे म्हणाले.

"फौज वाले?"

"हवाई फौज!" साबळ्यांनी छाती काढली.

"हम तो जीप की राह देख रहे थे!"

"जीप-वीप क्या करनी! साइकिल सबसे अच्छी!"

शिवबरन सिंहांचे डोळे भरून आले. ते मागे वळून पुटपुटले, "देखो, कितने सादे लोग हैं!" आणि दोघांच्या गळ्यात हार पडले.

"बघा, अवधचा पाहुणचार!" साबळे मोघ्यांच्या कानात म्हणाले. "बारादरी बघायला येणाऱ्याचंसुद्धा किती अगत्य!"

मोघे मात्र वेगळ्याच पेचात होते. पाठ कुणाकडेच करता येत नव्हती. ते अंगणातून उलटे उलटे चालत, प्रत्येकाला झुकून नमस्कार करत, थेट बाजेपर्यंत गेले. एक म्हातारे गृहस्थ गहिवरले. "इसे कहते हैं लखनऊ की तहज़ीब! बड़ों को पीठ तक नहीं दिखाते!"

एकदा बाजेवर बसल्यावर मोघ्यांनी ठरवलं, आता अंधार पडेपर्यंत उठायचं नाही.

मग खाणं आलं. मटारची घुगरी आली, गरम पुऱ्या आल्या, बालूशाही आली, केशर घातलेली खीर आली. एवढं सायकल चालवल्यावर दोघांची भूक वणव्यासारखी पेटली होती. वाटी रिकामी झाली की शिवबरन सिंह स्वतः वाढत होते.

"आप क्या करते हैं?" त्यांनी मोघ्यांना विचारलं.

"मैं पत्थर के फूल पर काम करता हूँ."

"सुना?" म्हातारे म्हणाले. "पत्थर में फूल खिलाते हैं!"

साबळ्यांची नजर मागच्या बारादरीवर खिळली होती. नक्षीदार कमानी, वर बसलेले पोपट, उन्हात तांबूस झालेल्या विटा. नेमकं तेव्हाच शिवबरन सिंहांनी हात जोडून, दबक्या आवाजात विचारलं, "तो... पसंद है ना?"

"पसंद?" साबळे खिरीचा घास घेत उद्गारले. "बहुत पसंद है! मेरा बस चले तो आज ही उठाकर घर ले जाऊँ!"

आतून बायकांचा हसण्याचा आणि बांगड्यांचा आवाज आला. "अगले महीने पूरी फैमिली को लेकर आएँगे!" साबळ्यांनी उत्साहात भर घातली. शिवबरन सिंहांनी उपरण्यानं डोळे टिपले.

आणि मग दार उघडून ती आली. डोक्यावर पदर, हातात थरथरणारा चहाचा ट्रे, मागून मावशी. "हमारी किरन. इंटर पास है. सिलाई-कढ़ाई सब जानती है."

मोघ्यांच्या हातातली बालूशाही हातातच राहिली. हा ट्रे, ही थरथर, दाराआडून बघणारी ही आई! दोन वर्षांपूर्वी असाच एक ट्रे घेऊन त्यांची रुचा बाहेर आली होती, आणि आलेल्या पाहुण्यांनी पोहे खाऊन झाल्यावर तिचा चष्मा काढायला लावला होता. त्या दिवसापासून मोघ्यांनी पोह्यांना हात लावला नव्हता.

"साबळेसाहेब," ते मराठीत कुजबुजले, "आपण मुलगी बघायला आलोय!"

"अहो, ते आपण नंतर शांतपणे बोलू. रुचाबद्दल काय—"

"रुचा नाही हो! ही! ही मुलगी! आणि तुम्ही तिला आत्ता पसंत करून बसलात! उचलून न्यायलासुद्धा निघालात!"

साबळ्यांच्या घशात खीर अडकली. लढाऊ विमानाच्या इंजिनानं दगा दिल्यावरही डळमळला नसेल तो माणूस पांढराफटक पडला. "चला, निघू या इथून!"

"मला उठता येत नाही!"

"का?"

मोघ्यांनी कारण सांगितलं. साबळ्यांनी डोळे मिटून घेतले.

किरन आत गेल्यावर मोघ्यांनी शिवबरन सिंहांना जवळ बोलावलं. सगळ्यांसमोर त्या माणसाची फजिती होऊ नये म्हणून अगदी कानाशी तोंड नेऊन सांगितलं, "ठाकुर साहब, माफ कीजिए. हम लड़के वाले नहीं हैं. हम तो बारादरी देखने आए थे."

शिवबरन सिंहांना काही क्षण अर्थच लागला नाही. मग त्यांनी मान वळवून बारादरीकडे बघितलं.

"ये? इसमें तो हम भूसा रखते हैं!"

"बहुत सुंदर है," साबळे क्षीण आवाजात म्हणाले.

शिवबरन सिंहांचा चेहरा पडत चालला. आणि तेवढ्यात बागेपलीकडून हॉर्न वाजला. जीप! खरे पाहुणे! आणि इकडे खीर संपलेली, बालूशाहीच्या ताटात नुसता चुरा, हार तर दोघांच्या गळ्यात!

मोघ्यांना वाटलं, आता आपल्याला या खडीतच पुरतील. पण शिवबरन सिंह एकदम म्हणाले, "हमारे यहाँ खाया है, तो अब आप घर के हुए! बैठिए मत, हाथ बँटाइए!"

मोघ्यांनी त्यांनाही उठता न येण्याचं कारण सांगितलं. दुसऱ्या मिनिटाला घरातून एक कोरं धोतर आलं. बाजेआड मोघ्यांना ते नेसवलं गेलं. गळ्यातले हार काढून, पाणी शिंपडून, पुन्हा ताटात ठेवले गेले. चुलीवर परत कढई चढली.

जीपमधून फौजेतला मुलगा उतरला, मुलाचे वडील उतरले आणि सगळ्यांत शेवटी मोठ्या मिशांचे फूफाजी, म्हणजे मुलाच्या आत्याचे यजमान, उतरले. खरी सत्ता फूफाजींच्या हाती आहे, हे लगेच कळलं. त्यांनी पाण्याला नाक मुरडलं, बाजेला नाक मुरडलं, मग धोतरातल्या मोघ्यांकडे बघून विचारलं, "ये कौन हैं?"

"लखनऊ के बड़े साइंटिस्ट!" शिवबरन सिंह म्हणाले. "और ये विंग कमांडर साहब! घर के आदमी हैं."

फूफाजींची मिशी जराशी खाली आली. मोघे धोतर सावरत पुऱ्या वाढत होते. किरन पुन्हा ट्रे घेऊन आली तेव्हा तिचे हात अजूनच थरथरत होते. मोघ्यांनी पुढे होऊन ट्रे आपल्या हातात घेतला. "बैठो बेटा. चाय मैं देता हूँ." मुलीनं चमकून वर पाहिलं आणि पहिल्यांदा हसली. मुलानं ते हसू बघितलं आणि त्याची बशी कलली.

"बाकी सब ठीक है," फूफाजी घसा खाकरत म्हणाले. "बस, लड़के को आने-जाने के लिए स्कूटर तो—"

"स्कूटर?" साबळे ताडकन उभे राहिले. आवाज थेट परेड ग्राउंडवरचा! "हम दो बुड्ढे लखनऊ से यहाँ तक साइकिल पर आए हैं! ये जवान लड़का है, इसे स्कूटर चाहिए? क्यों जवान, चाहिए?"

मुलगा नकळत सावधान पवित्र्यात उभा राहिला. "नहीं सर! मुझे साइकिल आती है, सर!"

अंगणात हशा उसळला. फूफाजी सोडून सगळे हसले. दाराआडून किरनचाही आवाज आला असावा, कारण मुलगा लालबुंद झाला. संध्याकाळपर्यंत बोलणी पक्की झाली.

परतताना शिवबरन सिंहांनी दोघांना सायकलींसकट ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवलं. सीटनं आणि खडीनं दिलेला मार आता ठणकू लागला होता, त्यामुळे बसणं मोघ्यांना शक्य नव्हतंच. ते पेंढ्यावर पालथे पडले. साबळे मोहरीच्या शेतांकडे बघत होते. मग ताठ पाठ प्रथमच वाकवून म्हणाले, "मोघे, मी आजवर मुलाचा बाप म्हणून जरा मिजाशीतच होतो हो. आज त्या माणसाचा चेहरा बघवेना. आता मीच विचारतो. आमचा सुबोध तुम्हाला पसंत आहे का?"

मोघ्यांचं हृदय भरून आलं. पण अशी संधी मुलीच्या बापाला कितीदा येते? पेंढ्यात पालथं पडल्या पडल्याच त्यांनी शक्य तितका भारदस्त चेहरा केला. "मुलगा चांगला आहे. घरी विचारतो आणि सांगतो."

इंदिरा नगरच्या घरात दोघं शिरले तेव्हा बैठकीत मधुमतीबरोबर साबळ्यांच्या पत्नी कांचनताई बसलेल्या होत्या. समोर कालनिर्णय, चिकनकारीच्या साड्यांचा ढीग आणि रिकामे चहाचे कप. धोतरातल्या नवऱ्याकडे मधुमतीनं एकदा पाहिलं, पण तिला वेळ नव्हता.

"मधुमती," मोघे घसा साफ करून म्हणाले, "साबळेसाहेबांनी आज रीतसर विचारलंय. मी म्हटलं, घरी विचारून सांगतो. तर तुझं काय म्हणणं आहे?"

"कशाबद्दल?"

"अगं, लग्नाबद्दल!"

"ते होय? ते मंगळवारीच ठरलं की! आज आम्ही दोघींनी हॉल बघितला, आचाऱ्याशी बोललो आणि साड्या आणल्या."

"मंगळवारी?" दोन्ही बाप एका सुरात ओरडले. "मग आम्हाला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही हॉलपासून लोणच्यापर्यंत प्रत्येक गोष्टीत बोलला असता," कांचनताई शांतपणे साडीची घडी घालत म्हणाल्या. "म्हटलं, एक अख्खा दिवस दोघांना कुठेतरी लांब धाडावं. बरी होती का हो बारादरी?"

मोघे मटकन खुर्चीत बसले.

आणि किंचाळून त्याहून दुप्पट वेगानं उठले!