पम्याचा डावा हात

माझा आतेभाऊ पम्या गेली तीस वर्षं डावा हात वर धरून आंघोळ करतो. गिटारच्या तारा दाबून बोटांना घट्टे पडतात. पाण्याने ते मऊ झाले की तारा बोटं कापतात. म्हणून धुळवडीलाही तो हात प्लॅस्टिकच्या पिशवीत. "डावा पाण्यात नाही," एवढंच सांगायचा. भांड्यांतून सुटायला मीही घरी हे कारण देऊन पाहिलं. बायकोने माझ्या बोटांकडे पाहिलं आणि घासणी हातात दिली.

एकोणिसाव्या वर्षी पम्याच्या रॉक बँडचं एक गाणं टीव्हीवर तुफान गाजलं. बाळकुमला त्यांच्या घरी सह्या घ्यायला मुली यायच्या. आत्या त्यांना आधी चपला नीट लावायला सांगायची. मग बँड मोडला. लग्नाच्या ऑर्केस्ट्रांची बोलावणी आली. "फर्माइशी घेत नाही," म्हणून पम्याने ती धुडकावली आणि डोंबिवलीत गिटारचे क्लास काढले. ताल चुकलेला त्याला खपत नाही. एकदा त्याच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेत मी रंगात येऊन टाळ्या वाजवत होतो, तर गाणं थांबवून माइकवरून म्हणाला, "अरुण, हात मांडीखाली घे."

घेतले. काय करणार.

यंदा जुना बँड पुन्हा एकदा ठाण्यात वाजवणार असं ठरलं. आणि दोन महिने आधी आत्या पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं. मी भेटायला गेलो तर आत्या बाथरूममध्ये खुर्चीवर बसलेली, आणि पम्या तिचे केस धूत होता. दोन्ही हातांनी.

"अरे, बाई ठेव की. कार्यक्रम तोंडावर आलाय," मी म्हटलं.

"बाई घाई करते. आई घाबरते," तो म्हणाला. "आणि वाजवणार मीच."

बँडवाल्यांनी दुसरा गिटारिस्ट सुचवला, तेव्हा त्याने फोनच ठेवून दिला.

कार्यक्रमात तो बोटांना चिकटपट्ट्या लावून उभा राहिला. दुसऱ्याच गाण्यात त्या सुटल्या. तारांवर लाल दिसायला लागलं, पण गडी थांबला नाही. शेवटी ते गाजलेलं गाणं सुरू झालं आणि माझ्या शेजारी व्हीलचेअरवर बसलेल्या आत्याने टाळ्या सुरू केल्या. भजनाच्या संथ ठेक्यात, आणि त्यातही चुकत.

मी सवयीने हात मांडीखाली घेतले.

पम्याने तिच्याकडे पाहिलं. लय उतरवत उतरवत त्याने गाणं तिच्या टाळीवर आणून ठेवलं. ड्रमवाला गडबडला, वैतागून त्याच्याकडे बघायला लागला.

"माझ्याकडे नको," पम्या माइकवरून म्हणाला. "आईकडे बघून वाजव."

मी मांडीखालचे हात हळूच बाहेर काढले.